संपर्क नाही

येडशी, १९ जानेवारी २०२५

चि. शिवांजली,

तुझं रजिस्टर पत्र मंगळवारी मिळालं. पूर्वी तू मला काका म्हणायचीस. या वेळी 'श्री. शरणबसप्पा यांस' असं लिहिलं आहेस. ठीक आहे. 'फोन करू नका, लिहा, लिहिलेलं नंतर फिरवता येत नाही' असंही बजावलं आहेस. तुझ्या आत्याबरोबर, दीपमालाबरोबर, मी बावीस वर्षं नोकरी केली, आणि आमची नोकरी म्हणजे तरी दुसरं काय होतं? कुणी काय लिहून दिलंय आणि जमिनीवर खरं काय आहे, ते ताडून बघणं.

तू एकच प्रश्न विचारला आहेस. आत्याला नेमकं काय झालं होतं? हैदराबादच्या डॉक्टरांनी तिच्या छातीचे फोटो बघून तुला सांगितलं की हा दमा नव्हे, ही फुप्फुसं कशानं तरी भाजलेली आहेत.

आधी थोडं तिच्याबद्दल लिहितो. आमच्या जुन्या संस्थेनं तिच्यावर स्मरणलेख मागितलाय, पाचशे शब्दांचा, आणि महिना झाला तो माझ्याच्यानं होत नाही. तुला लिहिताना होतोय का बघतो.

१९९४ साली ती सरकारी प्रयोगशाळेत रुजू झाली. मी चार वर्षं जुना. हजेरीपटावर माझं गाव वाचून ती सगळ्यांसमोर म्हणाली, "लोहाऱ्याचे व्हय तुम्ही? मी जळकोटची. मग बोलताय असं पुण्यावाणी?" लोक हसले. मला राग आला, कारण ते बोलणं मी फार कष्टानं कमावलं होतं. तिनं मात्र आपलं बोलणं कधी बदललं नाही. पुढं परदेशात तिच्या इंग्रजीतसुद्धा जळकोट ऐकू यायचं, आणि मोठमोठे अधिकारी मान पुढं करून नीट ऐकायचे.

१९९९ पासून आम्ही दोघं या संस्थेच्या आंतरराष्ट्रीय पथकात गेलो. ज्या देशांनी विषारी वायूची शस्त्रं सोडून द्यायच्या करारावर सही केली, तिथं जाऊन तोफगोळे मोजायचे, ते खरोखर नष्ट होतात का ते उभं राहून बघायचं. एकदा तिच्या आईनं फोनवर विचारलं, "तू तिकडं करतीस तरी काय गं?" ही मेंढपाळाची लेक म्हणाली, "दादा मेंढरं मोजायचे, मी गोळे मोजते. माझा कळप तेवढा रोज कमी व्हायला पाहिजे." फोन ठेवल्यावर किती तरी वेळ एकटीच हसत होती.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. २००९ मध्ये एका देशात लहानसा अपघात झाला. त्यात ती सापडली. त्या अपघाताची नोंद राहून गेली. देशाचं नाव मी लिहीत नाही, तशी सही करून दिलेली आहे.

तिच्या अंत्यविधीला मी आलो ते तुला आवडलं नाही हे दिसलं. "आता कशाला आलात?" असं तू विचारलंस.  

शरणबसप्पा


येडशी, ९ फेब्रुवारी २०२५

चि. शिवांजली,

दोनच ओळी लिहिल्यास. 'मी पण लॅबमध्ये काम करते. नोंद राहून जात नाही, कुणीतरी ती करत नाही. कोण ते लिहा.'

मी. पथकाचा प्रमुख मी होतो, रोजचा अहवाल माझ्या हातात होता. आता सगळं सांगतो.

सहा नंबरची शेड रिकामी झाल्याची पाटी लागली होती, म्हणून आत जाताना मास्क सक्तीचा नव्हता. यूनुस नावाचा त्याच देशाचा क्रेनचालक गोळे ठेवायचे उरलेले लोखंडी पिंजरे उचलून बाहेर काढत होता. पस्तिशीचा माणूस, तीन मुलींचा बाप. तुझी आत्या वही घेऊन दाराशी उभी होती. मागच्या रांगेतल्या एका पिंजऱ्यात एक गोळा राहिला होता, तो कुणाला दिसला नव्हता. पिंजरा कलला, गोळा फरशीवर आपटला आणि त्याची जुनी गंजलेली कड फुटली. तपकिरी, तेलासारखं काहीतरी क्रेनखाली पसरलं आणि लसणाचा वास आला. त्या जागेत लसणाच्या वासाचा अर्थ एकच, विषारी वायू.

नियम असा, की आधी बाहेर पळायचं, मास्क चढवायचा, मगच परत यायचं. मास्क गाडीत, गाडी दोनशे पावलांवर. यूनुसच्या केबिनचं दार अडकलं होतं आणि तो आतून काचेवर हात मारत होता. दीपमाला बाहेर पळाली नाही. नाकातोंडाला रुमाल बांधून ती आत गेली, क्रेनवर चढली, पिंजऱ्याची सळई घालून दार उचकटलं आणि त्याला ओढून आणलं. मी मास्क घालून पोचेपर्यंत दोघं दाराबाहेर आली होती. चार मिनिटं, फार तर पाच.

हा वायू लगेच भाजत नाही. अंगावर पाणी मारलं, भुकटी लावली, कपडे जाळले. दोघंही ठीक दिसत होती. यूनुस हसून काहीतरी बोलला, दुभाष्यानं सांगितलं, 'माझ्या बायकोपेक्षा जोरात ओढते ही बाई.'

पाच वाजता अहवाल द्यायचा होता. ती माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "अप्पा, दोन नावं लिहा. माझं आणि यूनुसचं."

आता माझी बाजू ऐक. त्या देशाचा अधिकारी आम्हाला बाहेर घालवायला निमित्तच शोधत होता. दोन शेड बघायच्या राहिल्या होत्या. अपघात लिहिला असता, तर सुरक्षेचं कारण सांगून त्यानं तपासणी बंद पाडली असती. तोवर त्या दोन शेडमधलं सामान कुठल्या कुठं गेलं असतं. म्हणून वायूशी कुणाचा संपर्क आला ते लिहायच्या रकान्यात मी दोन शब्द लिहिले: 'संपर्क नाही.'

"हे खोटं आहे," ती म्हणाली.

"आठ दिवसांनी दुरुस्ती करतो."

"अप्पा, आपण लोकांचं खोटं धरायला आलोय."

मी सही केली. ती काही न बोलता निघून गेली, आणि ते मी होकारात धरलं. पुढच्या तीन दिवसांत त्या दोन शेडमध्ये न दाखवलेले आठशे गोळे सापडले. ते सगळे नष्ट झाले. हे खरं आहे आणि हे लहान काम नव्हतं, एवढं तू ध्यानात ठेव.

आठ दिवसांनी दुरुस्ती केली असती तर त्या आठशे गोळ्यांच्या अहवालावरही लोकांनी शंका घेतली असती. म्हणून थांबलो. मग महिना गेला. मग मला प्रशस्तिपत्र मिळालं.

शरणबसप्पा


येडशी, २ मार्च २०२५

चि. शिवांजली,

आत्यानं मला लिहिलेल्या तीन पत्रांच्या प्रती पाठवल्यास. मूळ पत्रं माझ्या कपाटात आहेतच. तिन्ही मी वाचली होती. 'पोचली नाहीत' असं सांगायचा विचार काल संध्याकाळपर्यंत माझ्या मनात होता, हेही लिहून टाकतो.

त्यात ती स्वतःसाठी काहीच मागत नाही, असं तू लिहिलंस. बरोबर आहे. यूनुसला धाप लागायला लागली होती, डोळे अधू झाले होते. त्याच्या देशात अशा कामगारांसाठी वेगळं इस्पितळ आहे, पण तिथं घ्यायला नोंद लागते, आणि नोंदीत लिहिलंय संपर्क नाही. त्याला तिथून तीनदा परत पाठवलं. दीपमालाला हे जुन्या दुभाष्याकडून कळलं. तिनं संस्थेला स्वतःचा जबाब दिला. संस्थेनं कळवलं, पथकप्रमुखाचा जबाब असल्याशिवाय नोंद बदलता येत नाही. म्हणून तिनं मला लिहिलं, २०१९ ला, २०२० ला, २०२२ ला. पहिल्या पत्राला मी उत्तर दिलं होतं. 'प्रकृतीस जपावे' एवढंच. बाकी दोन्हींना तेही नाही.

आता जे लिहितोय ते तुला ठाऊक नसेल.

२०२२ च्या दिवाळीनंतर ती येडशीला आली. जळकोटहून नळदुर्ग, तुळजापूर, धाराशिव करत, एसट्या बदलत. स्टँडपासून आमच्या घरापर्यंत चढ आहे. मी खिडकीतून तिला बघितलं. दहा पावलं चालायची, थांबायची, कुणाच्या तरी कुंपणाला धरायची. मी कमलला, माझ्या बायकोला, म्हणालो, "मी नाही म्हणून सांग. लातूरला गेलेत म्हण."

कमल म्हणाली, "एवढ्या लांबनं आल्यात त्या."

"सांग म्हणतो ना."

ती ओट्यावर बसली. तासभर. कमलनं पाणी दिलं, पोहे केले. मी मधल्या खोलीत पलंगावर बसून होतो आणि मधे एक भिंत. ती खोकायची तेव्हा शेवटाला एक शिट्टीसारखा आवाज यायचा. माझ्या मुलीची विचारपूस केली, कमलच्या गुडघ्याची केली. माझ्याबद्दल काही विचारलं नाही. उठताना म्हणाली, "वहिनी, अप्पांना सांगा, मी भांडायला आले नव्हते. यूनुसचं तेवढं बघा म्हणावं."

माझ्या चपला दाराशीच होत्या. तिला दिसल्या असणार. तिचा सगळा जन्म बारकाईनं बघण्यात गेला होता.

ती गेल्यावर कमलनं उरलेले पोहे माझ्यासमोर ठेवले. त्यानंतर दीपमालाची माझी भेट झाली ती तिच्या तिरडीपाशी.

तू या पत्राला उत्तर देणार नाहीस असं वाटतं.

शरणबसप्पा


येडशी, ६ एप्रिल २०२५

चि. शिवांजली,

तू उत्तर दिलं नाहीस. फक्त आत्यानं संस्थेला दिलेल्या जबाबाची प्रत पाठवलीस आणि चौथ्या परिच्छेदाखाली पेन्सिलीनं रेघ मारलीस. तो परिच्छेद मी बसून पुन्हा पुन्हा वाचला. 'मागच्या रांगेत गोळा कसा राहिला याबद्दल मला खात्रीनं काही सांगता येणार नाही,' असं ती लिहिते. रेघेशेजारी तुझं प्रश्नचिन्ह आहे. आत्याला खात्री नाही असं कधी व्हायचं का, हेच तुला विचारायचंय ना?

तिला पूर्ण खात्री होती. तुझी रेघ बरोबर जागी आहे.

फेब्रुवारीत तुला लिहिलं की तो गोळा कुणाला दिसला नव्हता. शेड रिकामी आहे हे तपासून पाटी लावायचं काम त्या दिवशी माझ्याकडं होतं. मागच्या रांगेवरचे दिवे बंद होते. टॉर्च घेऊन शेवटपर्यंत चालत जायला हवं होतं. आदल्या दिवशी माझा गुडघा दुखावला होता, ऊन होतं, आणि दोन दिवस एकामागून एक रिकाम्या शेड बघून मी कंटाळलो होतो. मी दारातूनच नजर टाकली आणि 'रिकामी' म्हणून सही केली. माझ्या सहीखाली दुसरी सही दीपमालाची लागायची. ती दाराशी वही घेऊन उभी होती ते त्यासाठी. माझ्या शब्दावर न जाता स्वतः रांगा मोजून मगच सही करायची, असं तिनं ठरवलं होतं. तिची मोजणी चालू असतानाच पिंजरा कलला.

म्हणजे अपघात लिहिला असता, तर गोळा का राहिला हा पुढचा प्रश्न आला असता आणि त्याचं उत्तर मी होतो. आठशे गोळ्यांचं कारण खरं होतं, पण ते मला आयतं मिळालं. इतकी वर्षं मी ते कारण स्वतःला इतक्या वेळा सांगितलं, की दुसरं कारण मला आठवेनासं झालं. तुलाही पहिल्यांदा तेच सांगितलं.

आणि तिनं एका वाक्यात मला झाकलं. तेसुद्धा मी तिला दारातून परत पाठवायच्या तीन वर्षं आधी. ती ओट्यावर बसली होती तेव्हा हा कागद संस्थेत जाऊन पडलेला होता आणि मला माहीत नव्हतं. ती धमकी देऊ शकत होती. तिनं विनंती केली.

एक एप्रिलला मी माझा जबाब संस्थेला पाठवला. सकाळी धाराशिवला जाऊन नोटरीसमोर सही केली. सात पानं आहेत. शेड, पाटी, पाच वाजताचा अहवाल, तिची तीन पत्रं, माझं गप्प बसणं, सगळं. स्मरणलेखाच्या जागी हाच जबाब छापायचा असेल तर छापा, असं वर लिहिलंय. ते छापणार नाहीत.

जबाबाची प्रत सोबत जोडली आहे. तुझ्या लॅबमध्ये जशी तपासतात तशी तपास. काही राहिलं असेल तर कळव.

शरणबसप्पा


येडशी, १८ मे २०२५

चि. शिवांजली,

तुझं पत्र आलं. एकच वाक्य, 'आजीला कोण सांगणार?' मी काल जळकोटला जाऊन आलो.

मनात होतं की तू सांगावंस. एसटीत बसल्यावरही तुळजापूरला उतरून परत फिरावं असं एकदा वाटलं. दुपारी पोचलो. तुझ्या आजी, धुरपताबाई, अंगणात लिंबाखाली बसल्या होत्या, तुझे वडील हरिबा पेंडीचं पोतं उतरवत होते. मला बघून त्यांनी खुर्ची आणली.

मी खुर्चीवर बसलो नाही. खाली बसलो आणि म्हणालो, "आई, दीपमालानं आयुष्यात सिगारेट ओढली नाही."

गावात काय बोलतात ते तुला माहीत आहेच. परदेशात राहून नाही ती व्यसनं लागली, म्हणून दम लागायचा. तिरडी बांधताना हरिबासुद्धा कुणाला तरी तेच सांगत होते, ते मी ऐकलं होतं. आणि तिनं घरातसुद्धा कधी खरं सांगितलं नाही. आम्ही सगळ्यांनीच गुप्ततेची सही केलेली. मी ती सही माझ्या सोयीनं पाळली. तिनं ती खरोखर पाळली, आईच्या समोरसुद्धा.

मी सगळं सांगितलं. सोप्या शब्दांत, पण काही गाळलं नाही. विषारी वायूचा गोळा होता. रिकामी आहे असं मी न बघता लिहून दिलं. आत एक माणूस अडकला. तुमची लेक त्याला काढायला गेली. तिच्या छातीत तो वायू गेला. मी कागदावर लिहिलं की काही झालंच नाही. ती माझ्या दारात आली तर मी घरात असून नाही म्हणून सांगितलं.

हरिबा उभेच होते. मधेच ते गोठ्याकडं गेले आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

धुरपताबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्यो मानूस जगला का?"

"जगला, आई. आजारी हाय, पण जिता हाय."

"लेकरं हायती त्याला?"

"तीन पोरी."

"लगीन झाली पोरींची?"

"दोघींची झाली म्हणतात."

त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "माज्या लेकीनं बरं केलं." मग माझ्याकडं बघून, अजिबात आवाज न चढवता, "तुमी न्हाय केलं."

"नाही केलं," मी म्हणालो.

"ती सुट्टीला आली की म्या तिला म्हनायची, लगीन केलं न्हाईस, लेकरू न्हाय, कुनासाठी मरतीस एवढी? हसायची. म्या लई बोलले तिला. शेवटाला बी बोलले, नको ती येसनं केलीस म्हनून." त्यांनी पदर तोंडाला लावला. "त्ये तिला ऐकावं लागलं तुमच्यापायी."



निघताना त्या चहा घ्या म्हणाल्या नाहीत. हरिबा फाट्यापर्यंत सोबत आले. गाडी दिसल्यावर म्हणाले, "ह्ये गावात सांगाल का, चार मानसांत?" मी म्हणालो, "तुम्ही बोलवा, मी येतो." म्हणाले, "मीच सांगतो. म्याच बोललो होतो." आणि गाडीला हात केला.

शरणबसप्पा


येडशी, २९ जून २०२५

चि. शिवांजली,

संस्थेचा निर्णय आला. २००९ च्या त्या दिवसाची नोंद बदलली आहे. दोन नावं आहेत, दोन्हींपुढं 'संपर्क झाला' असं लिहिलंय आणि खाली दुरुस्तीची तारीख. सोळा वर्षं. माझं प्रशस्तिपत्र परत मागितलं आहे, चौकशीसाठी ऑगस्टमध्ये बोलावलं आहे. जाईन. स्मरणलेख त्यांनी दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून घेतला. चांगला आहे, तिची सगळी पदं बरोबर दिली आहेत. ती कशी बोलायची ते त्यात नाही.

यूनुसला इस्पितळात घेतलं. फुप्फुसं फार गेलेली आहेत, पण श्वासाचं यंत्र मिळालंय आणि डोळ्यांवर उपचार सुरू आहेत. डॉक्टरांच्या मते पाच-सहा वर्षांपूर्वी आला असता तर पुष्कळ फरक पडला असता. म्हणजे तिच्या पहिल्या पत्राच्या वेळी.

परवा संस्थेनं आमचं बोलणं घडवून आणलं. कमलनं मोबाईल डब्याला टेकवून ठेवला. पलीकडं यूनुस खाटेवर बसलेला, नाकात नळी, शेजारी तोच दुभाष्या, तोही म्हातारा झालेला. मी माफी मागायची म्हणून वाक्यं लिहून ठेवली होती. दुभाष्यानं ती सांगितली. यूनुसनं ऐकून घेतली आणि हातानंच बाजूला सारल्यासारखं केलं. त्याला दुसरंच काहीतरी विचारायचं होतं. तो माझ्यामागं बघत होता, खोलीत आणखी कुणी आहे का ते.

दुभाष्या म्हणाला, "तो विचारतोय, बाई कुठं आहेत? कागद बदलला तो त्यांनीच बदलायला लावला ना? त्यांना बोलवा."

त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. संस्थेच्या कागदांत तिच्या नावापुढं 'दिवंगत' आहे, पण ते कागद इंग्रजीत.

मी सांगितलं, डिसेंबरमध्ये गेली. दुभाष्यानं ते सांगायला बराच वेळ घेतला. यूनुसनं नळी काढली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. नर्स धावत आली. तिनं नळी परत लावली, बोलू नका म्हणाली. तो ऐकेना.

तिचं गाव कोणतं, असं त्यानं विचारलं. इतकी वर्षं प्रार्थनेत तो तिचं नाव घेतो, पण नुसतं नाव घेऊन भागत नाही, त्यांच्याकडं माणसाच्या नावाबरोबर गाव लागतं, असं दुभाष्यानं समजावलं. मी म्हणालो, जळकोट.

त्याला ते जमेना. त्याच्या भाषेत ळ नाही. जलकोट म्हणाला, जरकोट म्हणाला. मी पुन्हा सांगितलं. तो श्वास गोळा करायचा, एकदा म्हणायचा, मान हलवायचा, परत श्वास गोळा करायचा. नर्स रागावली. कमल माझ्यामागं उभी राहून हळू आवाजात त्याच्याबरोबर म्हणायला लागली, जळकोट, जळकोट, जीभ कशी वळवायची ते आ करून त्याला दाखवत.

पाचव्या-सहाव्या खेपेला त्याला नीट म्हणता आलं.

शरणबसप्पा